चार वाजताचे थेंब

चेन्नईत आमच्या वरच्या मजल्यावर युगांडाचा एक विद्यार्थी राहायचा. समोरून येणारं कुणी दचकू नये म्हणून जिन्याच्या वळणाआधी तो मुद्दाम खोकायचा. लिफ्टमध्ये बाई दिसली की पायऱ्या चढायचा. मी एकटा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रोज चारला येऊन तो माझ्या डोळ्यांत औषध घालायचा.

एकदा औषध घालून तो खाली उतरला, तर फाटकापाशी गर्दी होती. शेजारची मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. गलका ऐकून मी गॅलरीत आलो. त्याची कॉलर धरून एकाने खालून मला हाक मारली, "सार, आत्ता तुमच्याकडे होतो म्हणतोय हा. खरं का?"

गर्दीत एकाच्या हातात स्टंप होता. खरं बोललो तर हे माझ्यावरही येतील, असं वाटलं.

"ऑपरेशन झालंय माझं. मला काही दिसत नाही."

तो खरं बोलत होता, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मुलगी टी. नगरला मावशीकडे सापडली, तोवर त्याचा ओठ फाटला होता.

दुसऱ्या दिवशी चारला दार वाजलं.

"अंकल, ड्रॉप्स."

मी श्वास रोखून दाराआड उभा राहिलो. तो बराच वेळ थांबला.