बंद दाराशी चुचकारताना

चुचकारणं मला येतं, पण जनावरांपुरतं. इंदुरी गावातल्या माझ्या खोंडाला विचारा. जू बघून तो बुजला, की मी ओठांचा चंबू करून च्यु च्यु करतो, गळ्याखालची पोळी खाजवतो, की स्वारी गार. त्या आवाजावरूनच हा शब्द आला असणार. त्यापुढचं पंडितांनी बघावं. लेकराला चुचकारतात, रुसलेल्या सुनेला चुचकारतात, एखाद्याकडून चुचकारून काम काढून घेतात. मला त्यातलं एकही कधी जमलं नाही.

बायको म्हणायची, "बैलाशी गोड बोलता अन् आमच्यावर वसकन येता. कदी आमाला बी चुचकारा की!" मी म्हणायचो, "माणसाला चुचकारलं की ते डोक्यावर बसतं."

यंदा पोरगी पोलीस भरतीत एका मार्कानं राहिली. रोज पहाटे नदीच्या कडेनं पळायची, पाय सुजले तरी पळायची. निकाल मोबाईलवर बघितला, मोबाईल ओट्यावर ठेवला, खोलीत गेली आणि आतून कडी घातली. आम्हाला वाटलं, रडेल अन् येईल बाहेर. पण रडण्याचा आवाजच येईना.

"ए बाय, कडी काढ." "अगं, पुढच्या येळंला व्हईल." कडी हलेना. मग माझा पारा चढला. "कडी काढती का दार मोडू?" आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि माझी पाचावर धारण बसली. खिडकी बंद. आत काय चाललंय, कळायला मार्ग नाही. देवा, पोरीला सांभाळ रे! मी दाराला खांदा लावायला गेलो, तर बायको आडवी आली. "धडाधडा वाजवू नका. घाबरून काय करून बसंल ती!"

मी दारापाशी खाली बसलो. बोलायचं काय? पोलीस न्हाई तर न्हाई, असं म्हणायला जीभ रेटेना. तिच्या कष्टाची थट्टाच झाली असती. समजवायचं तर सांगायला काहीतरी लागतं. माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. शेवटी लाज सोडून, दाराच्या फटीला तोंड लावून मी च्यु च्यु करायला लागलो. बैलाला करतो तसंच. बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली. माझं डोकं फिरलं असंच तिला वाटलं असणार. मलाही तेच वाटत होतं. तरी करत राहिलो. चुचकारण्यात सांगायचं काहीच नसतं. मी हितं हाय, एवढंच.

ओठ सुकले. आवाज निघेना. मी थांबलो.

दाराच्या अगदी पलीकडून, खालून, तोंड दाबून रडून बसलेला आवाज आला, "पप्पा, थांबू नका ना."

कडी काढायला तिनं अजून बराच वेळ लावला. मी थांबलो नाही.