कापसावरची मांजर

जाफराबादजवळच्या आमच्या घरात दिवाळीनंतर पाय ठेवायला जागा नसते. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत भरून ठेवायचा आणि पाहुण्यांनी दारापुढच्या ओट्यावर बसायचं, ही पद्धत. आई गेल्यापासून त्या घरात अण्णा आणि आईची म्हातारी मांजर, अशी दोघंच. आई होती तोवर अण्णा मांजरीकडे ढुंकूनही बघत नसत. आता तिला दूध दिल्याशिवाय जेवत नाहीत.

यंदा मी जालन्याहून गेले, तर मांजर कापसाच्या ढिगावर पडलेली, मान एका बाजूला कललेली. अण्णांचा चेहरा पार उतरला होता.

"चालता चालता झोकांड्या खाऊन राह्यल्ती," ते म्हणाले. "फरशीवर आपटली. मंग म्हणलं, लागू नये, म्हणून कापसावर ठेवली. तवापासून उभीच राहीना. उठली की पडती."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"म्हातारी झाली ती. कशाला हाल करायचे? जाऊ दे निवांत."

मला रागच आला. माणूस असो की जनावर, आमच्याकडे एकदा म्हातारपणाचं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही. मी मांजरीला भाजीच्या पिशवीत घातलं आणि रस्त्यावर जाऊन जीप थांबवली. अण्णा कुरकुरत मागे येऊन बसले.

गुरांच्या डॉक्टरांनी तपासायला तिला खाली खरबरीत फरशीवर सोडलं. ती उभी राहिली. पाय फाकवून, मान वाकडी करून, पण उभी राहिली. भिंतीच्या कडेकडेनं चाललीसुद्धा. अण्णा बघतच राहिले.

"कानाच्या आत बिघाड झालाय, त्यानं तोल जातो," डॉक्टर म्हणाले. "या वयात होतं. मान अशीच राहील कदाचित. घरी ठेवता कशावर?"

"कापसावर," अण्णा म्हणाले. "मऊ लागावं म्हणून."

डॉक्टर हसले नाहीत. "तिला आधीच सगळं फिरल्यासारखं वाटतं. त्यात पायाखालचं दबलं तर ती उभी कशी राहणार? खाली टणक पाहिजे, पण पाय घसरेल असं नको."

परतीच्या वाटेवर अण्णांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. जीपमधून उतरल्यावर म्हणाले, "मीच तिला बसवून ठेवली. वाटलं, तुझ्या आईमागं हीबी चालली." मला त्यांची फार दया आली.

घरी आल्या आल्या त्यांनी कापूस बाजूला सारून पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत रिकामी पोती अंथरली आणि कडांवर दगड ठेवले. मांजर त्यावरून निघाली, लग्नात जरा जास्त झालेल्या व्याह्यासारखी. अण्णा पोत्याच्या कडेला मांडी घालून बसले होते. तिथवर येऊन ती त्यांच्या मांडीला टेकली आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली.

गुडघ्यांमुळे अण्णांना मांडी घालून फार वेळ बसवत नाही. मी हात पुढे केला. "उठा अण्णा, चहा झालाय."

"आत्ता न्हाई," ते हळूच म्हणाले. "मी हललो तर पडंल ती."