इंजिनिअरसाहेबांना एकही अडचण आली नव्हती

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, कारण आमच्या डोंबिवलीत गोष्ट एका घरातून शेजारच्या घरात जाईपर्यंत तिला शेपूट फुटतं, आणि उद्या कुणीतरी तुम्हाला सांगेल की मी भर सभेत इंजिनिअरसाहेबांच्या बायकोशी भांडले. मी कुणाशीही भांडलेले नाही. मी स्टेजवर खुर्चीत बसलेले, सगळं समोर घडलं. ऐका.

तर मला ठाण्याला एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी मिळालेली. सोमवारपासून या, म्हणाले होते. फक्त बाबांचं हो यायचं होतं आणि ते काही येत नव्हतं. बाबा स्वतः कारकून, साहेबाच्या हाताखाली सगळे केस पांढरे झालेले, त्यामुळे नोकरी म्हणजे लोखंडाचे चणे हे त्यांचं ठाम मत. आम्हा बाप्यांना इलाज नाही, तू कशाला दात पाडून घेतेस, असं रोज जेवताना.

तेवढ्यात वाचनालयाची व्याख्यानमाला आली. विषय काय, तर कठीण काळ आणि कर्तृत्व. रेशनच्या रांगेत उभे राहून लोक इतके विटलेले की दुसऱ्याची त्याहून मोठी संकटं ऐकायला देवळाचा मंडप रोज भरायचा. पहिल्या दिवशी एका डॉक्टरांनी प्लेगच्या साथीचं सांगितलं, सगळे रडले. दुसऱ्या दिवशी एक हेडमास्तर वार लावून जेवलेले, रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेले, सगळे आणखी रडले. तिसरा दिवस ठाण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांचा. जंगलात, नद्यांवर पूल बांधलेला माणूस. त्यांनी कळवलेलं की भाषण जमणार नाही, कुणीतरी प्रश्न विचारा. आणि वाचनालयाच्या चिटणीसांना गावात सगळ्यात जास्त बोलणारी म्हणून मीच आठवले.

बाबा लगेच तयार. म्हणाले, "विचार त्यांना नोकरी काय असते ते. त्यांच्या तोंडून सगळं ऐक, आणि तरी तुला जावंसं वाटलं तर मी आड येणार नाही." आणि स्वतः पहिल्या रांगेत जाजमावर येऊन बसले.

मी प्रश्न टाइप करून नेलेले, एकेक असा रडवणारा. पहिला प्रश्न लहानपणचा. वडील लवकर गेले म्हणे? साहेब म्हणाले, हो, गेले, पण काका फार गोड माणूस होते. मग वार लावून जेवावं लागलं असेल? तर साहेबांचा चेहरा असा उजळला. सात घरं होती, म्हणाले, सोमवारी थालीपीठ, गुरुवारी पुरणपोळी, एरवी एका पोराला सात घरचा स्वयंपाक कुठे मिळतो. बरं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास? केला, म्हणाले, घरी दिवा होता, पण मित्र सगळे रस्त्यावर असायचे ना.

मंडपात चुळबुळ सुरू झाली. लोक रुमाल घेऊन आलेले. चिटणीस मागून कुजबुजले, अगं काहीतरी दुःख काढ. मी काय काढू, दात? साहेबांच्या पोटात दुःखच नाही.

मग लोकच विचारायला लागले. एक म्हातारे कोकणी आजोबा उठून म्हणाले, "अहो, निदान मलेरिया तरी?"

"झाला की. महिनाभर पडून काय सुंदर पुस्तकं वाचून झाली."

आजोबा इतके दुखावले की बसलेच नाहीत, उभेच राहिले. साप? होते, पण कधी आडवे गेले नाहीत. शेवटी बाबा उठले. मला त्यांची दया आली, खरंच, कारण त्यांचा आवाज विनवणीचा झालेला. म्हणाले, "साहेब, तुमचा पहिलाच पूल पुरात वाहून गेला, हे आम्ही पेपरात वाचलेलं आहे."

"गेला ना. म्हणून तर दुसरा बांधायला मिळाला. एकाच जागी दोन पूल, सांगा, किती जणांच्या नशिबात असतं?"

बाबा खाली बसले. मी मनात सोमवारचं पातळ ठरवत होते.

आणि बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं. साहेबांच्या पत्नीच. बाई उठल्या, पदर खोचला आणि जागेवरूनच म्हणाल्या, "पुस्तकं झाली हे खरं आहे. मी वाचून दाखवत होते. मलेरिया मलापण होता."

साहेब म्हणाले, "तुला होता?"

मग काय, बाईंनी एकेक काढलं. साप पुलावर नसायचे, स्वयंपाकघरात असायचे. पूल गेला तेव्हा साहेब नदीकाठी पूल बघत होते आणि इकडे घरात गुडघाभर पाणी, तर बाईंनी तान्ह्या मुलाला आंघोळीच्या घंगाळात घातलं आणि घंगाळ धरून टेकडीपर्यंत चालत गेल्या. साहेब कौतुकाने लोकांना म्हणाले, "आणि घंगाळ अजिबात कलंडलं नाही हं, बांधणी उत्तम." आता मंडपात धो धो रडणं. आजोबा एकदाचे बसले. चिटणीसांनी साहेबांच्या गळ्यातला हार काढून बाईंना दिला, साहेबांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

बाबांना वाटलं, हीच वेळ. परत उठले, माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "वहिनी, इतकं सोसलंत तुम्ही, तुम्हीच सांगा. या मुलीनं नोकरी करावी का?"

बाईंनी मला पाहिलं, मग साहेबांना पाहिलं. "नोकरी केली त्या माणसाला काही त्रास झालेला दिसतोय का तुम्हाला? त्रास घरी बसणाऱ्याला होतो. जाऊ द्या तिला."

मी आणि बाबा टांगा न करता घरापर्यंत चालत आलो. दारात चप्पल काढताना बाबा आईला एवढंच म्हणाले, "सोमवारपासून डबे दोन."

आता तीन आठवडे झाले. बाबा रोज संध्याकाळी मोठ्या आशेने विचारतात, आज काही त्रास? हेडक्लार्क खेकसतो, रिबन अडकते, पण माझ्या तोंडून आपोआप निघतं, छे हो, मजा आली. मागच्या आठवड्यात एकदा मी असंच म्हणाले आणि आतून आई हसली. दोन डब्यांसाठी ती आता अंधारातच उठते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, उद्यापासून भाजी तुम्ही चिरायची."

तेव्हापासून रोज चिरतेय, बोटं कापतायत आणि टायपिंगला दुखतायत. तुमच्या घरी झालंय का असं कधी, की तुम्ही सहज मजा आली म्हणालात आणि आतून कुणीतरी हसलं?