दे इकडं, मी धरते

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. बीएससी झालेय, अमावास्येला खुशाल नवीन चपला घेते. त्यामुळे हसायचं तर हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

बदलापूर पूर्व, कात्रप. पाचवा मजला, गॅलरीसमोर दुसऱ्या बिल्डिंगचं अर्धवट काम. माझी मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. दुपारी घरात मी, ती आणि सासूबाई. बाळाला घेऊन गॅलरीत गेले की मनात यायचं — हात सोडले तर? स्वतःचीच इतकी भीती वाटायची, की बाळाला पलंगाच्या मधोमध ठेवून मी लांब भिंतीला चिकटून बसायचे.

गुपचूप मोबाईलवर वाचलं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असतं, डॉक्टरांना भेटा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, झोप होत नाहीये तुझी. वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला? लोक काय म्हणतील?" माझ्या आईने तर फोनवरूनच मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगितली.

मग मी एक आयडिया केली. मनाचं दुखणं कोणी ऐकत नाही, पण बाहेरचं काही म्हटलं की आमच्याकडे सगळे धावतात. निदान कुठेतरी नेतील तरी, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई भाकऱ्या करत होत्या. मी म्हटलं, "आई, मला गॅलरीत एक बाई दिसते." चक्क खोटं. बाईबिई काही नव्हती.

त्यांचा हात परातीत थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काय बोलते ती? दमलीस गं, दे इकडं, मी धरते... असंच ना?"

बाई खोटी होती, पण वाक्य खरं होतं! आठवडाभर गॅलरीत उभं राहिलं की ते डोक्यात यायचं, अगदी याच शब्दांत. मला वाटायचं, माझंच मन बोलतंय. कोणालाही सांगितलं नव्हतं मी.

सासूबाईंनी पिठाच्या हातांनीच बाळ उचललं आणि गॅलरीच्या दाराला कडी घातली.

"गाऊन बदल. अंबरनाथला डोक्याची डॉक्टरीण हाय, तिकडं जाऊ."

"भगताकडे नाही?"

"भगत माज्या वक्ताला झाला. काय उपेग नाय त्याचा."

डॉक्टर बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. असे विचार खूप आयांना येतात म्हणाल्या, आणि मी हमसून रडले. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. आज मी बरी आहे. कोणी यातून जात असेल तर माझ्यासारखी भुतं रचत बसू नका, हट्टाने डॉक्टर गाठा.

ते वाक्य मला आणि सासूबाईंना, दोघींना कसं ठाऊक, हेही मी नंतर डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, दमलेल्या आया एकसारखाच विचार करतात. मला पटलंही.

पण त्या पहिल्या दिवशी परतताना रिक्षात सासूबाईंनी जे सांगितलं, ते मात्र मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. कुळगावच्या जुन्या घरामागे विहीर होती. बाळाला घेऊन त्या काठावर उभ्या होत्या.

"लय दमलेले. ती बोलली, दे. मी दिली."

गाव गोळा झालं. हिनेच टाकली, असं सगळे म्हणाले. पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली. यापुढचं मला आजही कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

रिक्षात माझ्या बाळाला छातीशी घट्ट धरून सासूबाई म्हणाल्या, "नुसता चिखल निघाला, पोरी. पोर नाय सापडली."