हरणाबाईचे डोळे

हरणाबाईचा एकुलता एक मुलगा बिरदेव कुपवाडच्या कारखान्यात कामाला होता. तो अपघातात गेला, तेव्हा तिने त्याचे डोळे दान केले. "पोरगं फुडल्या जन्मी आंधळं यील," म्हणत दीर आकारामने तिच्याशी बोलणं सोडलं. हळूहळू भावकीही तिच्या घरी येईनाशी झाली.

आता तिला स्वतःचेही डोळे द्यायचे होते. पण ती गेल्यावर लगेच दवाखान्यात कळवणार कोण? शेवटी ती आकारामच्या दारात गेली.

"भावजी, मी गेल्यावर फोन तेवढा करा."

"मीच का?"

"तुमच्याबिगर कोण हाय मला?"

 तेव्हापासून रोज सकाळी आकाराम तिच्या दारात येऊन हाक मारतो. आतून "व्हय" ऐकू आलं, की तसाच माघारी जातो.