पहिलीच चाल

गॅलरीतल्या उन्हात नाना पट मांडतात, राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतात आणि ती चाल पोस्टकार्डावर लिहितात. माझे वडील आणि त्यांचे मित्र, साताऱ्याचे वसंतकाका, तरुणपणापासून असं टपालाने बुद्धिबळ खेळत आले आहेत. एकेक डाव वर्षभर रंगायचा. हल्ली नानांना चालू डाव आठवतच नाही. काकांचं उत्तर येईपर्यंत ते सगळं विसरतात आणि पुन्हा पहिली चाल पाठवतात.

शेवटी मी काकांना फोन केला. "काका, तुम्ही उत्तरं नका पाठवू. नानांना आता काही कळत नाही."

काका म्हणाले, "अगं, सुरुवात तर तो अजून बरोबर करतो. तेवढं खेळू दे आम्हाला."

डाव सुरू होताना दोन्हीकडचे सगळे मोहरे जागेवर असतात, कुणीच गेलेलं नसतं. नाना म्हणून तर तिथे परत जात नसतील?

आज पत्ता लिहिताना त्यांचं पेन थांबलं. "हे कुणाला पाठवायचं गं?"

मी वसंतकाकांचं नाव सांगितलं. एखाद्या अनोळखी माणसाचं लिहून घ्यावं तसं, आडनाव पुन्हा विचारून, त्यांनी ते लिहिलं.