बंबावरचे साडू

आमच्या साडूंनी एक जेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुखानं जेवलेलं गेल्या वीस वर्षांत मी पाहिलेलं नाही, आणि शेजारी बसलेल्याला जेवू दिलेलंही पाहिलेलं नाही. ते फायरमन आहेत. इस्लामपूरजवळच्या एका नगरपालिकेच्या बंबावर असतात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे, म्हणजे हा माणूस मी निवडलेला नाही, मला मिळालेला आहे. पाव्हणा घरी आला की आधी पाण्याचा तांब्या घेतो. हे आधी घर फिरून येतात. गॅसची नळी कितव्या सालची, मीटरखाली रद्दी कोणी रचली, समई पडद्यापासून किती हातांवर आहे, हे सगळं बघून झालं की मग खुर्चीत टेकतात, तेही दाराकडे तोंड करून, आणि माझ्याकडे असे बघतात की जणू मीच काडी हातात घेऊन बसलोय. "मास्तर, मागच्या दाराफुडं गव्हाची पोती कोन ठेवतं हो? उद्या पेट घेतला तर तुमी जानार कुनीकडनं?" मी शाळेत गणित शिकवतो. माझ्या घराला उद्या पेट घेण्याची शक्यता किती, हे मी त्यांना एकदा अपूर्णांकात मांडून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "ज्याचं घर पेटतं न्हवं, त्याचं सगळंच पेटतं. त्यात अपूर्णांक नसतोय."

आमच्या वास्तुशांतीला तर त्यांनी कहर केला. गुरुजी होमात तूप सोडताहेत, मी आणि बायको हात जोडून बसलोय, आणि आमच्या पाठीशी साडू दोन भरलेल्या बादल्या घेऊन उभे. मी विनवलं, "अहो साडूभाऊ, निदान बादल्या दिसणार नाहीत अशा तरी ठेवा." तर म्हणाले, "न दिसनारी बादली उपेगाची न्हाई." पूर्णाहुतीला ज्वाळा जरा वर गेली, एक ठिणगी उडाली, आणि गुरुजींचं 'स्वाहा' पुरं व्हायच्या आत अख्खी बादली होमकुंडावर. अग्निनारायण चरचरत गेले, गुरुजी सोवळ्यासकट निथळू लागले, आणि आमच्या सासूबाई ज्या भिंतीला टेकल्या त्या थेट संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. "ठिनगी मांडवाच्या कापडावर बसली हुती," साडूंनी खुलासा केला. कापडाला खरोखरच बोरभर भोक पडलं होतं. पण ते बघायला थांबतंय कोण! गुरुजी तर त्यानंतर आमच्या गल्लीतून जाताना छत्री उघडून जात, असं माझी बायको सांगते. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. फार नसेल.

फायरमन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उंच शिडी, धुरातून बाहेर येणारा वीर वगैरे येतं. साडूंच्या नोकरीत आग ही अधूनमधून येणारी गोष्ट होती. बाकीच्या दिवसांत विहिरीत पडलेलं कुत्रं, रस्त्यावर सांडलेलं ऑईल, आत किल्ली विसरून दार ओढून घेतलेल्या बाई, जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्याची आंघोळ, आणि लग्नाच्या मांडवात शिरलेल्या मधमाश्या. एकानं तर फोन करून विचारलं होतं, "बंब बसूनच हाय न्हवं? मग जाता जाता आमच्या अंगनात सडा मारून जावा की." हे सगळं मला ठाऊक आहे, कारण साडू ते जेवताना सांगतात. विहिरीतून चौथ्या दिवशी काय निघालं, कुठल्या अवस्थेत निघालं, आणि वर घेताना त्याचं काय काय झालं, हे वर्णन नेमकं भरल्या वांग्याच्या वेळी येतं. मी ताट सरकवतो. ते म्हणतात, "का हो मास्तर, वांगं कडू हाय का?"

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. रविवार होता, साडू आणि मेव्हणी एसटीनं आमच्याकडे जेवायला आले होते, आणि तांबडा रस्सा नुकता ताटात पडला होता. साडूंचा फोन वाजला. ते उठलेच. "हितनं जवळच एका वस्तीवर कडब्याची गंज पेटलीया. बंब निघाला. मास्तर, गाडी काढा."

"अहो, पण माझा हात..."

"हात तितं धुवू. बंबात पानी हाय."

उष्ट्या हातानं मी मोटारसायकल चालवत होतो आणि मनातल्या मनात सासुरवाडीचा उद्धार करत होतो. वाटेत बंब दिसला. एकेरी रस्त्यावर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकून तो नुसता कोकलत होता. साडूंनी बंबावरच्या माणसाला हातानं काहीतरी खूण केली, आणि आम्ही शेताच्या बांधावरून पुढं गेलो. त्यामुळे झालं असं, की आगीपाशी फायरमन आधी पोचला आणि बंब मागं राहिला.

गंजीची आग गोठ्याच्या छपराला लागली होती. छप्पर उसाच्या पाचटाचं, त्याला काय वेळ लागतोय. पलीकडे हातभरावर राहतं घर. चाळीसेक माणसं जमलेली, त्यातली निम्मी मोबाईल वर धरून. वस्तीची मालकीण म्हातारी होती. "सरका, बंबावरचा हाय मी," असं साडू ओरडले तशी ती धावत आली आणि साडूंच्या छातीवर तिनं दोन्ही हात मारले. "आता आलास व्हय रं? समदं जळल्यावर? आन् बंब कुटं हाय तुजा, खिशात?" मागून एका गड्यानं कॉलर धरली. मी गाडीला चिकटून उभा होतो आणि वाट बघत होतो, की आता साडू सुरू होणार. गॅसच्या नळीवर अर्धा तास बोलणारा माणूस, कडब्याची गंज गोठ्याला लागून का रचली यावर दिवसभर बोलला असता. त्यांनी एक अक्षर काढलं नाही. गळ्यातला टॉवेल सोडवावा तशी ती कॉलर सोडवून घेतली आणि विचारलं, "आत जनावरं किती?"

"दोन गाया. आन् एक म्हस."

हौदात पोतं बुडवून त्यांनी डोक्यावर घेतलं, कुणाच्या तरी हातातला विळा ओढला आणि आत गेले. थोड्या वेळानं एक गाय बाहेर आली, दहा पावलं पळाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत वळून परत त्या आगीत शिरली. मला वाटलं, माझीच नजर फिरली. साडू तिच्या मागून पुन्हा आत. या खेपेला तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं बांधून तिला घेऊन आले आणि दाव्याचं टोक माझ्या त्या रश्श्याच्या हातात दिलं. "धरा मास्तर. सोडू नगा. घर म्हनून आत पळती ती." जन्मात मी गाईचं दावं धरलेलं नव्हतं. दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. दुसरी गाय आली, तीही माझ्याच हातात दिली. मग ते म्हशीसाठी गेले. म्हैस साखळीनं बांधलेली होती.

ते आत किती वेळ होते, मला सांगता येणार नाही. छपराचा एक कोपरा खाली आला तेव्हा गाई मला ओढत होत्या आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. साडू बाहेर आले ते एकटेच. भुवया जळलेल्या, उजवा तळहात लालभडक. त्याच वेळी बंब पोचला. त्यांनी डाव्या हातानं पाईप काखेत धरला आणि तासभर पाणी मारलं. घर वाचलं.

सगळं विझल्यावर म्हातारी पुन्हा त्यांच्यापुढं आली. "म्हस का न्हाई आनलीस रं? दोन आनल्यास, ती का न्हाई आनलीस?" साडू मान खाली घालून ऐकत होते. मला राहवेना. मी म्हणालो, "अहो आजी, हा माणूस जळून मेला असता!" साडूंनी माझा दंड दाबला. "गप ऱ्हावा मास्तर. त्यांचं गेलंय."

परतताना कालव्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. पाण्यात हात धरून बसले. म्हणाले, "साखळीचा आकडा तापला हुता. निघंना. ती गप उभी हुती, माज्याकडं बघत." पुढं घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. इतका वेळ गप्प बसलेले साडू मी पहिल्यांदाच अनुभवत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दोनेक महिन्यांनी मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो. दारात तीच म्हातारी उभी होती, हातात झाकण लावलेली किटली. नगरपालिकेत 'बंबवाल्याचं घर' विचारत विचारत ती दोन एसट्या बदलून आली होती. "गाय याली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "कालवड झाली. चीक आनलाय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्या दिशी लय बोलले मी तुला."

"बोलावं की मावशी. त्या टायमाला मानसानं बोलायचं न्हाई तर काय करायचं?"

त्यांनी तिला आत बोलावून पंख्याखाली बसवलं. तळहातावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. मेव्हणीनं किटली आत नेली. साडू हळूच म्हणाले, "मावशी, त्या म्हशीचं नाव काय हुतं?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "चंद्री."

"चंद्री," साडू म्हणाले.

मग ती चंद्रीचं सांगायला लागली. कपाळावर चांद होता, परक्या हाताला धार देत नव्हती, पावसात भिजायला तिला लय आवडायचं. साडू एखाद्या नात्यातल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकत होते, मधूनच काही विचारत होते. मला शाळेत जायची घाई होती. गाडीची किल्ली हातात घेऊन मी उंबऱ्यापाशी उभा होतो, पण पाय निघेना.